रील बनवणाऱ्या मुलांना डिजिटल साक्षरता कशी शिकवायची? आवाजापासून सुरुवात करा

प्रश्न असा आहे: नागपुरातल्या एका शाळेत सातवी-आठवीच्या २८ मुलांसाठी 'डिजिटल साक्षरता' म्हणून आठवड्याला एक तास मिळाला आहे. पाच संगणक चालू आहेत, नेटचा भरवसा नाही, शिक्षक-पालकांचे मिळून सात स्मार्टफोन तासापुरते मिळतील. मुलांना रील बनवता येतात, पेंट आणि वर्डचे धडे ती कंटाळत उरकतात. शिक्षिका विचारतात, यांना नवीन काय शिकवायचं आणि कसं?

मॅडम, सात फोन आणि पाच संगणक पुरेसे आहेत. नेट नसणं ही पहिल्या पाच आठवड्यांत सोयच समजा.

रील बनवणाऱ्या मुलीला एकदा विचारून पाहा: ती क्लिप फोनमध्ये कुठल्या फोल्डरमध्ये आहे? तिचा आकार किती? मागचं गाणं कोणाचं? कोपऱ्यात दिसणाऱ्या भाजीवालीला विचारलं होतंस का? उत्तर बहुधा "गॅलरीत आहे" एवढ्यावर थांबतं. यात मुलीचा दोष नाही. हे प्रश्न वाटेत येऊच नयेत अशीच ॲपची रचना असते. एमएस-सीआयटीने २००१ पासून लाखो लोकांचा माऊस धरण्याचा संकोच घालवला, आणि तेव्हा त्याचीच गरज होती. आजच्या सातवीतल्या मुलाला संकोच उरलेला नाही. त्याला शंका घ्यायची सवय लावावी लागते, आणि ती व्याख्यानाने लागत नाही. त्याला असं काहीतरी बनवायला द्या, की वरचे प्रश्न सोडवल्याशिवाय ते पुरं होणार नाही आणि पुरं झाल्यावर ते ऐकायला खरी माणसं समोर बसतील.

माझा स्पष्ट सल्ला: व्हिडिओ सध्या बाजूला ठेवा. दहा आठवडे, चौघांचा एक गट, प्रत्येक गटाचा तीन मिनिटांचा एक ऑडिओ. आवाजात चेहरा दिसत नाही, त्यामुळे घरचे लोक, विशेषतः आया-आज्या, मोकळेपणाने बोलतात. फाईल लहान राहते, जुन्यात जुना फोनही चालतो. सगळ्यांत मोठा फायदा संपादनात आहे. स्क्रीनवर आवाजाच्या लाटा दिसतात, शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बोट ठेवून दाखवता येतं. 'माध्यम घडवलेलं असतं' हे वाक्य मुलांना समजावून सांगावं लागत नाही, ती ते हाताने करतात.

वेळापत्रक विदर्भाचं धरा. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू केलं की दहा आठवडे सप्टेंबरअखेर संपतात आणि पोळा आणि त्याला लागून येणारी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, त्यातच येतात. हा उपक्रम मार्च-एप्रिलवर ढकलू नका. उन्हात फोन तापून कॅमेरा बंद पडतो, आणि घरोघरी कूलर सुरू झाले की एकही मुलाखत स्वच्छ मिळत नाही.

विषय शाळेपासून पायी जाण्याच्या अंतरावरचा हवा. 'नागपूरची संत्री' असा विषय दिला की मुलं नेटवरचा परिच्छेद वाचून दाखवतील. त्याऐवजी माणसालाच विचारावा लागेल असा प्रश्न द्या. गोळीबार चौकाच्या बाजूची शाळा असेल तर हातमागाचा खटका आणि तो चालवणारे आजोबा. महाल भागातली असेल तर मारबत: "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी आधी कोण देतं? कळमना बाजार जवळ असेल तर लिलावात पहिला भाव कोण बोलतं? (संत्र्यांचाच लिलाव हवा असेल तर मात्र थांबावं लागेल, आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या सुमारास भरात येतात.) अंबाझरी-धरमपेठ किंवा नाग नदीकाठची वस्ती असेल तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट घ्या. अंबाझरी तलाव ओसंडला आणि घरांत पाणी शिरलं, त्याचे साक्षीदार घरातच आहेत. त्यांना "पुराबद्दल सांगा" म्हणू नका, "पाणी आत आलं तेव्हा सगळ्यांत आधी काय उचललं?" असं विचारायला सांगा.

गटात चार कामं असतात: विचारणारा, फोन धरणारा, नोंद ठेवणारा आणि फाईल सांभाळणारा. ही कामं दर आठवड्याला फिरवा, आणि ती फिरवलीच पाहिजेत. नाहीतर ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तोच पोट्टा सगळं करतो आणि उरलेले तिघं बघत बसतात. संपादनाच्या वेळी सात गट आणि पाच संगणक हा पेच येईल. त्या तासाला पाच गट संगणकावर बसवा, दोन गटांना कागदावर काम द्या: आपलं रेकॉर्डिंग फोनवर ऐकून कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं गाळायचं ते मिनिट-सेकंदासह लिहून काढणं. हे कागदी काम प्रत्येक गटाने करायचंच आहे. ते आधी केलेल्या गटाचं संपादन निम्म्या वेळात होतं.

रेकॉर्डिंगचा पहिला तास वर्गातच ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. फोनचा माईक खालच्या कडेला असतो. मुलं बोटाने तोच झाकतात आणि आवाज दबला म्हणून फोनला नावं ठेवतात. तोंडापासून अंतर एक वीत, आणि फोन अगदी समोर न धरता किंचित बाजूला. आपल्या भाषेत भ, फ, ध, घ भरपूर, त्यांच्या हवेचा झोत थेट माईकवर बसला की 'भप्' असा दणका येतो. पंखा बंद करा. रिकाम्या खोलीत आवाज घुमत असेल तर बोलणाऱ्याच्या समोर आणि मागे चादर किंवा गोधडी टांगा, फरक लगेच कळतो. फुटाळा तलावावर किंवा गच्चीवर वारा असेल तर माईकवर स्वच्छ पायमोजा चढवा. आणि प्रत्येक जागी, कोणीही न बोलता, दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा. मुलांना हे वेडेपणाचं वाटतं, पण पुढे संपादनात याच दहा सेकंदांवर सगळं अवलंबून असतं.

बर्डीच्या बाजारातून कॉलरचा माईक घ्यायचा असेल तर आधी पिन बघा. पिनवर तीन काळ्या रेघा असलेला माईकच फोनला ओळखू येतो, दोन रेघांचा कॅमेऱ्यासाठी असतो. फोनला गोल भोक नसेल तर टाईप-सी जोडणीही लागेल. खरं तर माईक नसला तरी काही अडत नाही, हातातल्या फोनने उत्तम काम होतं.

आता फाईल. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि शिकणंही इथेच सगळ्यात जास्त होतं. फोनचा रेकॉर्डर बहुधा एम४ए प्रकारात साठवतो, व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज ओपस प्रकारात असतो. संगणकावर ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर टाकाल तेव्हा एफएफएमपेग ही जोडफाईलही आधीच टाकून घ्या. ती नसली की विंडोजवर एम४ए उघडत नाही आणि पहिला तास वाया जातो. फोन केबलने जोडा, रेकॉर्डर फाईल कुठे ठेवतो ते मुलांनाच शोधू द्या, दहा मिनिटं लागली तरी चालतील. नाव देण्याची रीत फळ्यावर लिहा: गट, जागा, तारीख, क्रमांक. 'नवीन रेकॉर्डिंग १७' नावाच्या सात गटांच्या सात फाइली एका पेनड्राइव्हवर आल्या की ही रीत का हवी ते सांगावं लागत नाही.

ऑडॅसिटीत 'सेव्ह' केलं की प्रोजेक्ट फाईल तयार होते, ती फक्त ऑडॅसिटीतच उघडते. लोकांना ऐकायला द्यायची तर 'एक्स्पोर्ट' करून एमपी३ करावी लागते. दर वर्गात दोन-तीन गट प्रोजेक्ट फाईलच पाठवून देतात, त्यांना ती चूक करू द्या. आकाराचं गणितही इथेच घ्या: एमपी३ला ६४ किलोबिट दर सेकंदाला म्हणजे ८ किलोबाइट (आठ बिटचा एक बाइट), तीन मिनिटांचे १८० सेकंद, गुणाकार १४४० किलोबाइट, साधारण दीड एमबी. हीच फाईल एका चॅनेलच्या, आकार न आवळणाऱ्या वेव्ह प्रकारात सुमारे १६ एमबी होते. नेटपॅकवर जगणाऱ्या घरातल्या मुलांना हा फरक चटकन पटतो.

आवाजाची पातळी बघायला शिकवा. लाटेची टोकं वर सपाट कापलेली दिसली तर आवाज फाटला आहे आणि तो कुठल्याही बटणाने पूर्ण दुरुस्त होत नाही, पुन्हा रेकॉर्ड करावं लागतं. मागची घरघर कमी करायची तर ती दहा सेकंदांची शांतता निवडून 'नॉइज रिडक्शन'ला नमुना म्हणून द्या, मग पूर्ण आवाजावर ६ ते १२ डेसिबल लावा. त्यापुढे गेलात की माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात 'नाही' कापायचा तास घ्या. दहा आठवड्यांतला एकच तास करायला मिळाला तर हाच करा.

मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. "आम्ही त्या रात्री घर सोडलं नाही." शेवटचा शब्द उडवला की "आम्ही त्या रात्री घर सोडलं." अर्थ उलटा आणि वाक्य व्याकरणाने धडधाकट. मुलांनी असं एक वाक्य स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करायचं. मुलाखत दिलेल्या माणसाचा आवाज या खेळात अजिबात वापरायचा नाही, आणि फाईलचं नाव 'खोटी' या शब्दाने सुरू करायचं. लाट मोठी करून 'सोडलं' आणि 'नाही' यांच्यामधली दरी शोधा, 'नाही' निवडा, झेड हे अक्षर दाबा म्हणजे निवडीची टोकं लाट शून्यावर असते तिथे सरकतात, मग डिलीट. झेड न दाबता कापलं तर जोडावर बारीक 'टक' ऐकू येतं. आता शेवटी त्या दहा सेकंदांतली एक सेकंद शांतता चिकटवा. ती नसेल तर आवाज कड्यावरून पडल्यासारखा संपतो.

मग सगळ्या वर्गाला ऐकवा आणि विचारा, खरं की कापलेलं? तीक्ष्ण कानाची मुलं ओळखतात: वाक्य संपताना आवाज खाली यायला हवा होता, तो वरच लटकला. कोणीतरी असंही म्हणेल की भराभर बोलणाऱ्यांचं 'सोडलं नाय' एकातच मिसळतं, तिथे कापता येत नाही. या दोन्ही गोष्टी मुलांनी स्वतः शोधलेल्या असतात, त्या ती विसरत नाहीत.

त्यानंतरचा प्रकार आणखी महत्त्वाचा. यात काहीच कापायचं नाही. "तुम्ही पाणी उकळून पिता का?" याचं उत्तर "हो, रोजच." आता उत्तर तेच ठेवून आधी दुसऱ्याच प्रश्नाचं रेकॉर्डिंग जोडा: "तुम्ही शेजाऱ्यांशी भांडता का?" उत्तर अस्सल आहे, आवाज अस्सल आहे, एकही शब्द बदललेला नाही, तरी सगळं खोटं झालं. वर्ग हसतो, पण हसू ओसरलं की विचारा: घरच्या ग्रुपवर आलेल्या एखाद्या क्लिपमध्ये आधीचा प्रश्न ऐकू आला होता का? व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण म्हणजे तो मेसेज अनेकदा पुढे ढकलला गेला आहे, हे याच वेळी दाखवा. खुणेवरून खरं-खोटं ठरत नाही. आपल्याला पाठवणाऱ्याने तो बनवलेला नाही आणि मूळ कुठे आहे ते बहुधा त्यालाही ठाऊक नाही, एवढंच खुणेवरून कळतं.

पडताळणी स्वतःच्या कामापासून सुरू करा. आजोबा सांगतील, "एम्प्रेस मिल इंग्रजांनी काढली." नोंदी सांगतात की ती जमशेटजी टाटांनी काढली आणि १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. आता गटाने काय करायचं? आजोबांचं वाक्य गाळायचं, की ठेवून खाली निवेदनात दुरुस्ती जोडायची? मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण निर्णय गटाला घेऊ द्या आणि नोंदवहीत कारण लिहायला लावा. नियम एकच: तारीख, आकडा किंवा नाव निवेदनात यायचं असेल तर एकमेकांकडून न उचललेले दोन स्रोत हवेत. दोन वेबसाइटवर शब्दन् शब्द सारखा परिच्छेद दिसला तर तो एकच स्रोत.

एआयचा वापरही इथेच करा, शिक्षकांच्या फोनवरून, सगळ्यांसमोर. मारबतीबद्दल किंवा तुमच्या वस्तीबद्दल पाच प्रश्न विचारा आणि उत्तरातलं एकेक विधान खुणेने तपासा: कोणाला विचारून कळेल, कुठे बघून कळेल. मोठ्या शहराबद्दल ठीक बोलणारं यंत्र गल्लीबद्दल तितक्याच ठामपणे चुकतं. ठामपणा आणि खरेपणा यांचा संबंध नाही, हे मुलांना तिथे दिसतं.

निवेदन लिहिताना टायपिंगचा प्रश्न येईल. नागपुरात बऱ्याच फोनवर हिंदी कीबोर्ड असतो. त्यावर ळ आणि ॲ पटकन सापडत नाहीत, 'वाऱ्यावर'मधला ऱ्य जमत नाही, आणि 'नागपूर'चं 'नागपुर' होतं. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून घ्या. संगणकावर युनिकोडच वापरा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र दुसरीकडे चिकटवलं की अगम्य चिन्हं उमटतात, कारण तिथे अक्षरं इंग्रजीच साठलेली असतात आणि फॉन्ट त्यांना फक्त मराठीचा मुखवटा घालतो. हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवा. मुक्ता, बलू, नोटो हे फॉन्ट मोफत आहेत आणि पोस्टरला छान दिसतात.

मुलाखतीतली बोली सुधारू नका, ही कळकळीची विनंती. "काहून विचारून राहिला बाबू?" हे तसंच राहू द्या, लिहितानाही तसंच लिहा. आवाजावरून टाइप करणारी साधनं अशा वाक्यांवर बरेचदा अडखळतात. मुलांनी तो मजकूर हाताने दुरुस्त केला की यंत्र कोणाची भाषा चांगली शिकलं आहे आणि कोणाची नाही, हा प्रश्न आपोआप निघतो.

सहाव्या-सातव्या आठवड्यात चित्रं घ्या, पण प्रत्येक ऑडिओसाठी चारच फोटो. लोकेशन चालू ठेवून शाळेच्या आवारात एक फोटो काढा आणि त्याच्या तपशिलात नकाशावरचा बिंदू दाखवा. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की ही माहिती गळून जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की सोबत जाते. घरी काढलेला फोटो कोणाला कसा पाठवायचा, हे मुलं यानंतर विचारून करतात. दुसरा खेळ मथळ्यांचा: एकाच फोटोखाली दोन मथळे लिहायचे, दोन्ही खरे, पण बघणाऱ्याच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी उभ्या करणारे. व्हिडिओ हवाच असेल तर एक मिनिट, फोन आडवा, सहा शॉट, प्रत्येकी दहा सेकंद, हात स्थिर, आधी लेन्स पुसून. सेटिंग ७२० ठेवा. १०८० वर मिनिटाला शंभर एमबीच्या वर जातात आणि भरलेला फोन मधेच थांबतो.

स्क्रॅचची, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायच्या सॉफ्टवेअरची, हौस असेल तर ते ऑफलाइन चालतं, पण आत्ताच्या आवृत्तीला विंडोज १० लागतं, जुन्या विंडोज ७ वर ती बसत नाही. या दहा आठवड्यांत ते कोंबू नका, पुढच्या सत्राला ठेवा.

परवानगी दोन्हीकडची घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येकजण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती हवी. पालकांकडून मराठीत पाच ओळींची चिठ्ठी भरून घ्या: काय रेकॉर्ड होणार, कुठे वाजणार, कुठे ठेवणार, नको वाटलं तर कोणाला सांगायचं. मुलाखत देणाऱ्याची संमती रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच आवाजात घ्या, आणि "शाळेत वाजवायला" व "नेटवर टाकायला" हे दोन प्रश्न वेगळे विचारा. पहिल्याला हो म्हणणारे पुष्कळजण दुसऱ्याला नाही म्हणतात. मुलांच्या नावाने कुठेही खाती उघडू नका, १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं गुगल खातं उघडता येत नाही आणि या कामाला त्याची गरजही नाही. पार्श्वसंगीत नको. हवंच असेल तर मुलांनी डबा, टाळ्या, घुंगरू वाजवून स्वतः तयार करावं. विकिमीडिया कॉमन्स या नेटवरच्या मोफत चित्रसंग्रहातून चित्र घेतलं तर परवान्याचं नाव आणि काढणाऱ्याचं नाव शेवटच्या श्रेयात वाचून दाखवायचं.

गुण द्यायचे तर तयार ऑडिओ किती गुळगुळीत आहे यावर देऊ नका. गटातल्या कोणत्याही एकाला, चिठ्ठी टाकून, बोलवा. त्याने मूळ फाईल उघडून दाखवावी, काय कापलं आणि का ते सांगावं, एका आकड्याचे दोन स्रोत दाखवावेत, संमती ऐकवावी. खरखरीत ऑडिओ बनवूनही हे चारही दाखवणारा गट पुढे आहे. तुम्ही स्वतः बसून कोणाचाही ऑडिओ सुधारू नका, कितीही मोह झाला तरी.

शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी, ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना बोलवा आणि पुढच्या रांगेत बसवा. बारक्या मुलांनाही येऊ द्या. प्रत्येक ऑडिओनंतर मुलाखत दिलेल्या माणसाला विचारायचं: "तुम्ही जे सांगितलं तेच ऐकू आलं का?" कोणी नाही म्हटलं तर गट पुन्हा संपादन करेल, म्हणून यानंतर एक तास राखून ठेवा.

त्या तासाला अंतिम फाइली दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. ज्यांनी संमती मागे घेतली त्यांचे रेकॉर्डिंग आणि 'खोटी'ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली मुलांसमोर पुसा, संगणकाचं रिसायकल बिन रिकामं करा, आणि सातही फोन मालकांना परत देण्याआधी त्यांतल्या फाइली काढा. फोटोंचं विसरू नका: गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला तरी ६० दिवस ट्रॅशमध्ये पडून राहतो, तो तिथूनही पुसायचा. हे काम त्या आठवड्याला ज्याच्याकडे फाइली असतील त्या मुलाने करायचं, आणि तुम्ही फक्त बघायचं.